लाम्ब्रोसकडून आलेली कॅसेट

ऐकायला काहीतरी नवं सुचवा, असं तुम्ही मघाशी सहज म्हणालात आणि मी कॉफी ठेवायच्या निमित्ताने आत सटकलो. तुमच्या लक्षात आलंच असेल. बसा आता, सांगून टाकतो. ऐकून तुम्ही मला नालायक म्हणाल, आणि मी तसा आहेच.

आमच्या यानिना शहरात तळ्याकाठच्या एका कॉफीच्या दुकानात दर रविवारी सकाळी आम्ही चारपाच जण जमायचो. आठवड्यात सापडलेलं एक गाणं प्रत्येकाने आणायचं, वाजवायचं, आणि मग बाकीच्यांना विचारायचं, आता मी काय ऐकू ते सांगा. कॅसेटच्या नकला हातोहात जायच्या. नियम एकच, तोही लाम्ब्रोसने घातलेला. गाणं कुणाकडून आलं ते डबीवर लिहायचं. देणाऱ्याचं नाव नसेल तर तो ते वाजवूच द्यायचा नाही. त्याचं रेडिओदुरुस्तीचं दुकान होतं. आम्ही गायला बसलो की तो फक्त खालचा सूर धरायचा, आणि श्वास घेताना त्याच्या नाकात बारीक शिट्टी वाजायची. त्यावरून आम्ही त्याची यथेच्छ टिंगल करायचो. तो हसायचा आणि सूर धरून बसायचा.

मी गुरांच्या दवाखान्यात कामाला होतो. गेल्या नोव्हेंबरात मेंढ्यांना लस टोचायला डोंगरातल्या एका गावी गेलो. काम दुपारीच उरकलं. धुकं उतरायला लागलं होतं, हाताला ओल्या लोकरीचा वास येत होता. परतताना दफनभूमीच्या भिंतीपलीकडून गाणं ऐकू आलं. हायदो नावाची म्हातारी एका थडग्यापाशी एकटीच बसून विलाप गात होती. मयतावर बायका गातात तसे विलाप मी लहानपणापासून ऐकलेत, पण हा ऐकून मी फाटकातून आत गेलो. खिशात छोटा टेपरेकॉर्डर होता. मी बटण दाबलं.

तिने ते पाहिलं. आवाजही चढवला नाही.

"बंद कर, बाळा. या दगडाखाली कुणी नाहीये. माझा मुलगा बोटीवर गेला, तो सापडलाच नाही. हे गाणं रिकाम्या जागेचं आहे… इथून नेलंस, तर ते माणूस शोधत फिरेल."

मी माफी मागितली, तिच्यादेखत बटण बंद केलं. ती पुन्हा गायला लागली, आणि मी कोटात हात घालून यंत्र पुन्हा सुरू केलं. हे हात बघा, याच हातांनी.

रविवारी ते वाजवलं. समोरच्या कॉफ्या थंड झाल्या. आमच्यातली फोतिनी शाळेत शिकवते, कडक बाई, पण तिनेही डोळे पुसले. मग तिने विचारलं, कुणाकडून मिळालं? खरं सांगितलं तर चोरी कबूल करावी लागणार होती. लाम्ब्रोस त्या दिवशी तापाने घरी होता. मी म्हणालो, लाम्ब्रोसकडून, त्याच्या जुन्या पेटीत पडलं होतं. डबीवर तसं लिहूनही टाकलं. नंतर त्याच्या कानावर गेलं तर तो म्हणाला, असेल बाबा, माझ्या पेट्यांत काय काय पडलंय. माझ्या शब्दावर त्याचा इतका विश्वास.

पुढच्या रविवारी फोतिनी म्हणाली की गाण्यापेक्षा शेवटचं बोलणंच तिच्या अंगावर आलं.

"कसलं बोलणं?" मी विचारलं.

"ती बाई विचारते ना… कुणी दिलं हे तुला? मी वेड्यासारखं मोठ्याने तुझं नाव सांगितलं, स्टेर्योने. तर म्हणते, आणि त्याला?" फोतिनी ओशाळून हसली. "मग मी लाम्ब्रोसचं नाव सांगितलं. त्यानंतर काही नाही."

मी घरी येऊन मूळ कॅसेट तीनदा ऐकली. चार कडवी, मग फाटकाची कुरकुर, मग संपलं. त्यात बोलणं नव्हतं. आठवड्याने आमच्यातला मेनेलाओस, जो बस चालवतो, तोही तंतोतंत तेच सांगायला लागला.

मंगळवारी भर सकाळी लाम्ब्रोसच्या दुकानात गेलो, सगळं कबूल करायचं ठरवूनच. देवाशपथ, ठरवूनच. तो टेबलाशी बसला होता, आठवड्यात अर्धा झालेला. दुकानात ओल्या मातीचा वास होता.

"बरा आलास," तो म्हणाला. "ती इथेही विचारते रे. यंत्र बंद असलं तरी. मला तर काही आठवत नाही… मीच दिलं ना ते तुला? की तुला आणखी कुणी दिलं? तू सांग, म्हणजे मी तिला तसं सांगतो."

एवढं सोपं होतं. "मी चोरलं", दोन शब्द. पण फोतिनी काय म्हणेल, रविवारी तोंड कसं दाखवू, असलं काहीतरी डोक्यात आलं.

"तूच दिलंस," मी म्हणालो.

त्याने मान हलवली. "मग माझ्यावरच आहे ते," असं म्हणाला आणि मला कॉफी विचारली.

गुरुवारी तो त्याच खुर्चीत मेलेला सापडला. हृदय, डॉक्टर म्हणाले. शवपेटीला मी खांदा दिला. लोक माझंच सांत्वन करत होते, आणि मी ते करून घेतलं.

त्यानंतर मी रोज मूळ कॅसेट लावून बसायचो. प्रश्न आला की खरं नाव सांगायचं, म्हणून. प्रश्न येत नव्हता. फक्त म्हातारीच्या आवाजाखाली एक खालचा सूर यायला लागला होता, आणि त्यात मधूनमधून बारीक शिट्टी.

काल दुपारी, फाटकाच्या कुरकुरीनंतर, प्रश्न आला. म्हातारीच्या आवाजात नाही.

"स्टेर्यो… कुणी दिलं हे तुला?"

दार बंद होतं. घरात चिटपाखरू नव्हतं. कुणापुढे तोंड लपवायची गरज नव्हती. तरी माझ्या तोंडून काय निघालं, सांगू?

"तूच."

टेप फिरत राहिली.

"…आणि मला?"

मी बटण दाबलं. टेप थांबली. तो खालचा सूर थांबलेला नाही. मघाशी तुम्ही विचारलंत ना, आत फ्रीज एवढा का घुमतोय म्हणून? माझ्याकडे फ्रीज नाही.