व्हायोलाची खुर्ची

ब्रनोच्या थिएटरच्या दारात मी छत्री झटकत होते आणि घाईघाईनं येणारा एकजण थेट त्या पाण्याखाली आला. मी माफी मागणार... तेवढ्यात आतून बाबांची धून ऐकू आली. तीन ट्रम्पेटांवर!

बाबा वसंतात गेले. दर गुरुवारी ते आणि त्यांचे तीन मित्र आमच्या स्वयंपाकघरात वाजवायला बसत. त्या चार वाद्यांसाठी बाबांनी रचलेलं संगीत आता थिएटरात साठ वादकांसाठी बसवत होते. ही धून तर त्यांच्या एकट्या व्हायोलाची, व्हायोलिनहून जरा मोठ्या, खर्जातल्या वाद्याची.

"कुठल्या गाढवानं केलंय हे?"

भिजलेला तो माणूस चष्मा पुसत म्हणाला, "गाढवाचं नाव हिनेक. तुमचं?"

"लिबुशे. आत ज्यांचा जीव घेताय, त्यांची मुलगी."

त्याचा चेहरा उतरला, पण माफी नाहीच. "एकटी व्हायोला साठ जणांत बुडेल, बाईसाहेब."

"मग साठांना गप्प बसवा! बाबा ही धून वाजवायचे तेव्हा तिघंही गज मांडीवर ठेवून ऐकत बसायचे."

"कागदावर तिघांनाही सूर आहेत."

"असतील. ते वाजवायचेच नाहीत. मित्र होते त्यांचे!"

तो हळूच म्हणाला, "म्हणून खाली फक्त व्हायोला ऐकू यायची... मला वाटायचं, बाकीची भिंतीत विरतात."

"खाली?"

"तुमच्या खिडकीखाली. गुरुवारी. सूर रस्त्यापर्यंत यायचे – म्हटलं, केवढ्या जोरात वाजवत असतील! म्हणून ट्रम्पेट..."

मला रडू येत होतं आणि त्या रडण्याचाच आणखी राग आला.

"काढा ते ट्रम्पेट. व्हायोला मी वाजवणार. बाबांनीच शिकवलीय."

"इथं वादकांत बायकांना बसू देत नाहीत. पडद्यामागून वाजवाल? दुरून आल्यासारखं –"

"पडद्यामागे तुम्ही बसा!"

आतलं वादन थांबलं. सगळे आमच्याकडे बघू लागले. हिनेकनं ओला कोट तिथंच टाकला, आत जाऊन एक खुर्ची उचलली आणि वादकांच्या अगदी पुढे नेऊन ठेवली.

"हिनेक, नोकरी जड झालीय का?" थिएटरचे मॅनेजर ओरडले.

"झालीय. ही खुर्ची हलली तर मीही निघालो."

म्हातारे मुख्य व्हायोलावादक उठले आणि दाराशी येऊन त्यांनी आपलं वाद्य माझ्या हातात दिलं. मॅनेजर पाय आपटत निघून गेले.

मी त्या खुर्चीत जाऊन बसले.

"इतकं आवडायचं तर वर यायला काय झालं होतं?" मी दातओठ खात विचारलं.

"शेवटी तुम्ही खिडकी लावायला यायचात..." तो वाकून म्हणाला. "तेवढं बघितलं की आठवडा जायचा."

"मूर्ख!"

"हो."

"गुरुवारी वर या," मी म्हणाले. अजून रागातच.

मी गज उचलला. माझ्यामागे एकेक गज मांडीवर ठेवला जात होता.