सात नंबरची मऊ गादी

गुलाबराव मेश्राम आयुष्यात एकदाच हॉटेलात राहायला गेले आणि तिथून जिवंत परतले नाहीत.

त्यांची मुलगी सत्यशीला शुक्रवारी दुपारी त्याच हॉटेलच्या पायऱ्या चढत होती. सोबत दोघे होते. भाऊराव खोब्रागडे पूर्वी दुर्ग स्टेशनवर रेल्वेच्या मालाची राखण करायचे आणि आता खाजगी तपासाची कामं घेत. चंपत हा त्यांचा जुना शिपाई. नोकरी सुटली तरी त्याने साहेबांना सोडलं नव्हतं.

एकोणीसशे साठचा जानेवारी होता. भिलाईच्या पोलाद कारखान्याच्या भट्ट्या धडधडू लागून वर्ष होत आलं होतं, आणि कारखान्याला भेट द्यायला येणाऱ्या मोठ्या लोकांसाठी सुपेल्याच्या रस्त्यावर 'मंदार' हे हॉटेल उभं राहिलं होतं. नळाला गरम पाणी, खिडक्यांना जाड पडदे, पलंगावर हातभर जाडीच्या गाद्या. गेल्या आठवड्यात तिथे थायलंडचे बुनसोंग नावाचे गृहस्थ उतरले. बँकॉकमध्ये त्यांचं स्वतःचं हॉटेल होतं. सेक्टर दोनमधल्या नव्या विहारासाठी त्यांनी बुद्धाची जुनी कांस्यमूर्ती आणली होती. रविवारी तिची स्थापना व्हायची होती. मधल्या दिवसांत त्यांना नागपूरला दीक्षाभूमी पाहायला जायचं होतं, म्हणून बुधवारी सकाळी मूर्ती आणि सात नंबरची खोली त्यांनी विहाराचे चिटणीस गुलाबराव यांच्या हवाली केली.

गुरुवारी सकाळी दार उघडलं तेव्हा गुलाबराव पलंगावर मरून पडले होते. खिडक्या बंद होत्या. पलंगाशी विझलेली सिगडी होती. मूर्ती नव्हती.

लोकांनी दोन अधिक दोन चार केले. गुलाबराव कोक ओव्हनवर, म्हणजे कोळसा भाजायच्या भट्टीवर, विषारी गॅसची राखण करणारे गॅसमन होते. बंद खोलीत सिगडी ठेवली तर काय होतं हे भिलाईत त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? म्हणजे चूक नव्हती ती. मूर्ती परस्पर विकली, मग मनाची लाज वाटली आणि सिगडी पेटवून झोपले. विहारातल्या पाटीवरचं त्यांचं नाव कोणीतरी गुरुवारीच पुसलं होतं.

"रविवारच्या आत ते नाव परत लिहिलं गेलं पाहिजे, काकाजी," सत्यशीला म्हणाली होती. "मग तुमची फी देऊन माझ्याकडे काही उरलं नाही तरी चालेल."

तिने भाऊरावांना बापाचं शेवटचं पोस्टकार्ड दाखवलं. बुधवारी दुपारी हॉटेलच्या पेटीत टाकलेलं. 'सत्यशीला, आज पौर्णिमेचा दिवस मूर्तीपाशी घालवायला मिळतो आहे. बाराच्या आत जेवून आलो. सोबत माझी सतरंजी आणली म्हणून इथले लोक हसले. गादीवर हात ठेवून पाहिला तर मनगटापर्यंत बुडाला. बुनसोंगजी म्हणतात, बँकॉकला या, नदीकडची खोली देतो. तुले घेऊन जाईन.'

भाऊरावांनी कार्ड दोनदा वाचलं. मग विचारलं, "तू गुरुवारी चेहरा पाहिलास ना? कसा होता?"

"ओठ निळे पडले होते. नखंही."

भाऊरावांनी कार्ड तिला परत दिलं.

मॅनेजर जानराव पोलिसांत जबाब द्यायला दुर्गला गेले होते. खोलीवाला कवडू याने तिघांसाठी दारं उघडली. सात नंबरला लागून आठ नंबरची खोली रिकामी होती, ती त्याने सत्यशीलेला दिली. दोन पलंग, दोन गाद्या. दार ओढलं की आपोआप कुलूप बसे आणि बाहेरून फक्त किल्लीने उघडे. किल्ल्यांचा एक जुडगा मॅनेजरकडे. खोल्यांच्या सुट्या किल्ल्या काउंटरच्या खिळ्यांवर, जाता-येता कोणाच्याही हाताला लागतील अशा. तिने दाराला टेकून पाहिलं. भिंतीपलीकडे बाप मेला होता, आणि ज्याने मारलं तो कदाचित याच व्हरांड्यातून चहा पीत जात होता.

सात नंबरमध्ये बापाची झोळी अजून खुंटीला होती. आत एक शर्ट आणि सतरंजी. सतरंजीची चौपदरी घडी होती, कडेला कड जुळवलेली. सत्यशीलेने ती उलगडली आणि गुंडाळून ठेवली. घडीने दोरे तुटतात म्हणत बापाने ती कायम गुंडाळीच केली होती.

भाऊराव तिच्या हातांकडे पाहत उभे होते.

कवडू मान खाली घालून बोलला. "ताई, मी पाच वाजता झाडायले गेलो तवा भाऊ सतरंजीवर बसून होते. पांढरे कपडे घातले होते. मले म्हणे, बिनदुधाचा चहा असंल तर दे. मी देल्ला आन् सहाला घरी गेलो. सिगडी मी नाही नेली. पोलिसायनं मलेच धरलं होतं, कावून का कोळशाची कोठी माह्याकडं हाये."

पाच नंबरमध्ये कलकत्त्याचे दत्तबाबू राहत होते. जुन्या मूर्त्या घेऊन परदेशी गिऱ्हाइकांना विकणं हा त्यांचा उघड धंदा होता. आपण ती मूर्ती मागितली हे त्यांनी हिंदीत सरळ कबूल केलं. बुनसोंगांना विचारलं, गुलाबरावांना विचारलं, दोघांनी हात जोडले. बुधवारी संध्याकाळपासून ते रायपूरला एका वकिलाकडे होते आणि गुरुवारी दुपारी आले. त्यांच्याकडे तिकिटं होती.

"तिकिटं कोणीबी जमवते," चंपत कुजबुजला.

विहाराचे धोंडबा रिसालीहून सायकलवर आले. मूर्ती माझ्या घरी ठेवा म्हणून त्यांनी गुलाबरावांशी भांडण केलं होतं, ते साऱ्यांनी ऐकलं होतं. पाटीवरचं नाव पुसणारेही तेच निघाले. "रागात पुसलं," ते सत्यशीलेकडे न पाहता म्हणाले. त्या रात्री ते आणि आणखी चौघे विहाराच्या शेडमध्येच होते. "थंडी मोठी होती. जमिनीवर पडलो, झोप कुठली. आणि पोटात काही नाही."

चंपतने नंतर बोटं मोजून सांगितलं की धोंडबाच चोर. भाऊराव म्हणाले, अजून मोजायची बोटं उरलीत.

तिन्हीसांजेला सत्यशीला दिवा न लावताच पडली होती. दाराच्या कुलपात किल्ली शिरली. अर्धी फिरली. तिने विचारलं, "कोण आहे?" मग जरा मोठ्याने पुन्हा विचारलं. किल्ली निघाली. पावलं घाईने नाही, हळूच गेली, तेच जास्त भयंकर होतं. दाराच्या फटीतून डांबराच्या गोळ्यांचा वास आत आला आणि बराच वेळ राहिला. तिने दुसरा पलंग ओढून दाराला लावला. पलंग एकटीला हलवायला फार जड गेला.

थोड्या वेळाने दारावर टकटक झाली. तिने पलंग जरासा सरकवून दार उघडलं. मॅनेजर जानराव स्वतः दुधाचा पेला घेऊन उभे होते. पिकलेले केस, मऊ आवाज. दुर्गहून आत्ताच आलो म्हणाले. तिला या खोलीत का ठेवलं म्हणून कवडूवर रागावले. वरच्या मजल्यावर चांगली खोली देतो, भिंतीला लागून राहू नकोस. ती नको म्हणाली, तेव्हा त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"एक ऐक, पोरी. लोक काहीही म्हणोत. त्या रात्री मीच ताट नेलं होतं. तुझे बाबा पोटभर जेवले. मटणाची तारीफ केली. थंडी वाजते म्हणून सिगडी मागितली, आणि लेकरासारखे त्या गादीत शिरले. जन्मभर जमिनीवर झोपलेला माणूस. शेवटची रात्र तरी सुखाची गेली."

सत्यशीला बातमी कळल्यापासून पहिल्यांदा रडली. त्या एका ताटाचा आणि गादीचा तिला आधार वाटला. त्यांच्या कोटाला येणारा वास तिच्या नाकाला लागला, पण ध्यानात आला नाही.

शनिवारी सकाळी ती चहा पिऊन आली तर दुसऱ्या पलंगावर गादी नव्हती. मागच्या जिन्यापाशी ती गुंडाळून, सुतळीने बांधून उभी केली होती. वर चिठ्ठी होती, 'सुपेला, पिंजारी'. कापूस गोळा झाला आहे, पिंजायला पाठवतो आहे, असं जानराव म्हणाले.

तिने हे सारं भाऊरावांना सांगितलं. ते काउंटरवरच्या दिनदर्शिकेसमोर उभे होते. बुधवारच्या चौकटीवर बोट ठेवून त्यांनी विचारलं, "तुझे बाबा उपास-तापास करत का गं?"

"नाही. म्हणजे मला माहीत नाही. मी तीन वर्षं नागपूरला वसतिगृहात. सुट्टीत घरी आले की बाबांच्या कोक ओव्हनच्याच गोष्टी. गॅसला वास नसतो, रंग नसतो, तो झोपेतच नेतो आणि जाताना माणसाचे गाल लाल करून जातो..."

ती मधेच थांबली. भाऊरावांनी मान हलवली आणि चंपतला जिन्यापाशी बसवलं. ती गादी कोणी हलवली तर त्याच्यावर बसायचं, गादीवर नाही, एवढंच सांगितलं.

दुपारी जेवणघरात सगळे जमले. पोलीस जमादार दाराशी उभा होता. बुनसोंग सकाळच्या गाडीने परतले होते. ते भिंतीशी हात जोडून बसले.

"पहिली गोष्ट," भाऊराव म्हणाले, "गुलाबराव गॅसने मेले नाहीत. गॅसने मेलेल्याचा चेहरा लाल होतो, हे ते स्वतः पोरीला सांगत. त्यांचे ओठ आणि नखं निळी होती. कोणीतरी श्वास कोंडून मारलं. दुर्गच्या डॉक्टरांचा कागद आज जमादारांनी आणला आहे, त्यातही तेच आहे. सिगडी नंतर आली."

जमादाराने कागद टेबलावर ठेवला.

"मग ती का आणली? मेलेला माणूस आपल्या हाताने मेला असं वाटावं म्हणून. त्यासाठी त्याला गादीवर झोपवलं. आणि तिथेच चूक झाली." त्यांनी धोंडबांकडे पाहिलं. "बुधवारी तुम्ही जमिनीवर का पडला होता? आणि पोटात काही का नव्हतं?"

"पौर्णिमा होती," धोंडबा म्हणाले. "अष्टशील पाळतो आम्ही. बारानंतर जेवण नाही, दूधही नाही. उंच, मऊ बिछान्यावर झोपणं नाही."

"गुलाबरावही?"

धोंडबांनी डोळे मिटले. "गेल्या वैशाखापासून. एकही पौर्णिमा चुकली नाही. मला तेव्हा सुचलंच नाही. मी रागात होतो."

"माझी बायको अंजनाबाईसुद्धा पाळते. मी नाही पाळत, म्हणून मलाही दिनदर्शिका बघावी लागली," भाऊराव म्हणाले. "कार्डात सगळं होतं. पौर्णिमा, बाराच्या आतलं जेवण, बरोबर आणलेली सतरंजी. गादीवर त्यांनी हात ठेवून पाहिला, अंग नाही. पाच वाजता पांढऱ्या कपड्यांत, सतरंजीवर, बिनदुधाचा चहा. आणि सकाळी तेच गुलाबराव मऊ गादीत, सतरंजी झोळीत. सत्यशीला, ती सतरंजी कशी होती?"

"चौपदरी घडी," ती म्हणाली. "बाबा घडी करत नसत."

"हॉटेलातल्या चादरीची घडी ती. म्हणजे माणूस हॉटेलातला. कवडू तसा हॉटेलातलाच. पण त्याने त्यांना जमिनीवर बसलेलं पाहिलं हे आपणहून सांगितलं. खुनी असता तर ते लपवलं असतं. उरला तो, ज्याने गुलाबरावांना त्या रात्री मटण खाताना पाहिलं."

सत्यशीलेला कोटाचा वास आठवला. डांबराच्या गोळ्या, चादरींच्या खोलीत ठेवतात तशा. त्या खोलीची किल्ली एकट्या मॅनेजरकडे होती. काल संध्याकाळी कुलपात अर्धी फिरलेली किल्ली. ती जानरावांच्या हाताकडे पाहू लागली. तोच हात त्यांनी काल तिच्या डोक्यावर ठेवला होता.

"मूर्ती बाहेर गेलीच नाही," भाऊराव म्हणाले. "गुरुवारी सकाळपासून दाराशी विहाराची माणसं बसून होती. रिकाम्या आठ नंबरात ती सुरक्षित होती. पण साहेब दुर्गला गेले आणि कवडूने ती खोली या पोरीला दिली. कडाक्याच्या थंडीत, पाहुणे उतरलेले असताना, कोणतं हॉटेल गादी पिंजायला पाठवतं?"

चंपतने गादी आणून टेबलावर टाकली. एका बाजूची शिवण जुन्या पिवळट दोऱ्याची होती, दुसऱ्या बाजूची कोऱ्या पांढऱ्या. जमादाराने चाकू दिला. कापसातून आधी खांदा निघाला, मग शांत चेहरा.

बुनसोंग उठले आणि जमिनीवर बसून तीनदा वाकले.

जानराव खुर्चीवरच होते. मूर्ती ज्यांना विकायची होती त्या दत्तबाबूंकडे त्यांनी पाहिलं नाही, कोणाकडेच पाहिलं नाही. "तो जागा झाला," ते त्याच मऊ आवाजात म्हणाले. "झोपेत असेल म्हणून गेलो होतो. जागा झाला आणि मला नावाने हाक मारली. उशी तिथेच होती." मग जरा वेळाने, तक्रार करावी तसे, "पौर्णिमेचं मला कोणी सांगितलंच नव्हतं."

जमादार त्यांना घेऊन गेला. सत्यशीला कापसाच्या ढिगाशी उभी राहिली. काल रात्रभर ती जिच्याशेजारी भीतीने जागी होती ती हीच गादी. आणि ज्या ताटाचा, ज्या झोपेचा तिने आधार धरला होता, ते काहीच झालं नव्हतं.

"म्हणजे बाबा उपाशीच गेले," ती म्हणाली. "आणि जमिनीवर."

"हो," भाऊराव म्हणाले. त्यांनी दुसरं काही जोडलं नाही. तिला ते बरं वाटलं.

रविवारी विहारात मूर्ती बसली. पाटीवरचं नाव धोंडबांनी स्वतः लिहिलं, अक्षर वाकडं आलं म्हणून पुसून पुन्हा लिहिलं. बुनसोंग तिला म्हणाले, नदीकडची खोली तुमच्या वडिलांच्या नावाने राखून ठेवतो, केव्हाही या. कवडूने दुभाष्याचं काम केलं ते हातवाऱ्यांनीच, आणि ती चार दिवसांत पहिल्यांदा किंचित हसली.

तिने बापाची सतरंजी पसरली आणि तिच्यावर बसली. धोंडबांनी पान वाढलं, वरण-भात, वांग्याची भाजी. तिला अजून भूक नव्हती. कारखान्याचा बाराचा भोंगा व्हायला थोडाच वेळ होता.

तिने पान पुढे ओढलं आणि भोंगा व्हायच्या आत जेवून घेतलं. मग सतरंजी गुंडाळली.