बेचाळिसावं वेटोळं

नागपूरच्या पुनर्वापर प्रयोगशाळेत त्या दिवशी सकाळपासून आंबा, पुदिना आणि स्ट्रॉबेरीचा घमघमाट सुटला होता. फळ मात्र औषधालाही नव्हतं. होत्या त्या अकरा लाख जप्त केलेल्या ई-सिगारेटी, आणि त्यांतल्या पहिल्या हजारांचा आज दुपारी चार वाजता कायापालट व्हायचा होता.

वरून आदेश होता की रोलरखाली घाला आणि मोकळे व्हा. प्रयोगशाळेच्या प्रमुख डॉ. हेमांगी ढोमणे यांनी तो मानला नाही. रसायनशास्त्रात मुरलेल्या या बाईंना चांगली वस्तू फेकणं म्हणजे पाप वाटे. "अहो, आत असतं काय? द्रवाची एक टाकी, द्रव शोषणारा कापूस आणि तापणारं तारेचं वेटोळं. व्यसनाऐवजी दम्याचं औषध भरा, की झालं बाष्पदायी यंत्र!" हे त्यांनी तीन वर्षं दिसेल त्या अधिकाऱ्याला ऐकवलं होतं. अडचण एवढीच होती की वापरलेली वेटोळी तुंबलेली असतात. गोड द्रव करपतो आणि तारेवर काळी खरपुडी धरते.

ती काढण्याचं काम होतं सगुणाबाई नेवारे यांच्याकडे. इतवारीत त्यांच्या वडिलांचं स्टोव्ह दुरुस्तीचं दुकान होतं. लहानपणापासून बर्नरची भोकं मोकळी केलेल्या सगुणाबाईंच्या अंबाड्यात अजूनही स्टोव्हची पिन खोचलेली असे. आधी टाकी कोमट पाण्यात बुडवायची, कापूस उपसायचा, मग वेटोळं द्रावकात ठेवून त्याला ध्वनिस्नान घालायचं. म्हणजे ऐकू न येणाऱ्या आवाजाच्या कंपनांनी मळ सुटा करायचा. नंतर नवा कापूस आणि थोडा द्रव घालून पंपाने पन्नास झुरके ओढून बघायचे. वाट मोकळी झाली असेल तर शेवटी कापूस काढून तावणी. तार लाल करायची, की उरलासुरला मळ राख होऊन झडतो.

आतापर्यंत तावणी अंगणातल्या छोट्या भट्टीत, दहा-दहा वेटोळ्यांची होई. आज पाहुण्यांसमोर ती धुलाईखोलीतच होणार होती, नव्या ताव-पाटावर, एका बटणासरशी हजारांची.

एवढा सगळा उत्साह ओसंडून वाहत असताना डॉ. दामोदर मेश्राम मात्र वरच्या मजल्यावर आपल्या खोलीत दार लावून बसले होते. खरं तर प्रयोगशाळेचा सगळ्यांत मोठा शोध त्यांचाच होता, आणि तोच त्यांच्या मुळावर आला होता.

पंधरवड्यापूर्वी काही वेटोळी पुन्हा पुन्हा का तुंबतात हे बघायला ढोमणेबाई ती रोज थोडी थोडी त्यांच्याकडे धाडू लागल्या. मेश्राम भौतिकशास्त्रज्ञ. त्यांच्या थरवाचकाने मळाचा एकेक थर प्रकाशकिरणाने सोलून काढला आणि त्या माणसाने खुर्चीतून उडीच मारली.

"मॅडम, प्रत्येक झुरक्याचा वेगळा थर आहे! कांद्याच्या पापुद्र्यासारखा. आणि प्रत्येक थरात त्या वेळची हवा अडकलीय!"

"म्हणजे त्या माणसाचा श्वास?" ढोमणेबाईंचे डोळे चमकले. "दामोदरराव, ही तर श्वासवही झाली! रोगट फुप्फुसातून एक खूणरेणू बाहेर पडतो, ठाऊक आहे ना? तो यात सापडला तर कॅन्सर कळेल, तोही वर्षभर आधी!"

सापडला. साठ वेटोळ्यांपैकी एकेचाळीसांत सापडला, आणि तोही फक्त वरच्या, अगदी ताज्या थरांत. म्हणजे रोग नुकताच सुरू झालेला. त्या एकेचाळीस जणांना शोधून काढायची तयारी सुरू झाली. वर्तमानपत्रांना द्यायचा मजकूरही लिहून झाला.

मग मेश्रामांना आपल्या टेबलाच्या खणातली, दोन वर्षांपूर्वी सोडलेली ई-सिगारेट आठवली. बायकोला, पद्मजाला, तिचा पत्ताही नव्हता. काल त्यांनी ती, बाकीच्यांसारखीच धुऊन घ्यायला, गुपचूप सगुणाबाईंच्या हाती दिली. बाईंनी ध्वनिस्नान घातलं, पंपावर लावली आणि परत आणून दिली. आज सकाळी ते वेटोळं थरवाचकात गेलं. ते बेचाळिसावं निघालं, आणि खूणरेणू तर सगळ्यांपेक्षा जास्त. पद्मजाला हे कोणत्या तोंडाने सांगायचं, एवढाच विचार ते सकाळपासून करत होते.

पावणेचारला दार वाजलं. सगुणाबाई होत्या, नवं लुगडं नेसलेल्या.

"सर, चला ना जी! मॅडम कवाच्या बोलावून रायल्या. बटन मीच दाबनार हाये, पन तुमी पाह्यजे." मग त्यांचं लक्ष सरांच्या चेहऱ्याकडे गेलं. "काहून असे बसले?"

मेश्रामांना राहवलं नाही. त्यांनी सगळं सांगून टाकलं. श्वासवही, खूणरेणू, बेचाळिसावं वेटोळं, सगळं. सगुणाबाई कमरेवर हात ठेवून ऐकत होत्या.

"सर, एक इचारू काय? राग नका धरू. ही नळी मानूस ओढते का फुकते?"

"ओढतो."

"मंग त्याच्या छातीतली हवा त्या कॉइलवर गेली कवा?"

मेश्रामांनी टेबलावरची रिकामी नळी उचलून ओठांना लावली आणि एक झुरका ओढून बघितला.

"दुकानात बर्नर तुंबला की बाप मले म्हने, घान कोनाची ते मंग पाह्य, आधी हवा कुठून कुठं जाते ते पाह्य. हवा तं बाहेरून आत जाते न जी? कॉइल आधी, छाती मंग. तुमच्या छातीतली खबर त्या कॉइलले कोन सांगन?"

दोन डॉक्टरेट, एक थरवाचक आणि पंधरा दिवसांचा जल्लोष, आणि एवढी साधी गोष्ट कोणाच्या डोक्यात आली नव्हती! मेश्राम ताडकन उठले. "बाई, मला काही झालेलं नाही! मी ठणठणीत आहे! वेटोळ्याला फुप्फुस दिसतच नाही, त्याला दिसते ती फक्त..."

ते थांबले. त्याला दिसते ती फक्त खोलीतली हवा. मग हा खूणरेणू कोणत्या खोलीतला?

त्यांनी यादी ओढली. खूण नसलेली एकोणीस वेटोळी तुलनेसाठी न धुता थेट गोदामातून मागवलेली होती. खूण असलेली एकूण एक धुलाईखोलीतल्या पंपावरून. सगळ्यांत वरचे पन्नास थर मालकांचे नव्हतेच, ते पंपाच्या पन्नास झुरक्यांचे होते! त्यांनी तारखा लावून बघितल्या. अकरा दिवसांपूर्वी किंचित, मग दुप्पट, मग चौपट. काल पंपावर लागलेलं त्यांचं स्वतःचं सगळ्यांत जास्त. आणि द्रावकाची वाफ तापल्या तारेवर मोडली की हाच खूणरेणू बनतो, हे रसायनशास्त्राचा पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही सांगेल.

"बाई, वापरलेलं द्रावक कुठे साठतं?"

"फरशीखालच्या टाकीत."

"तुम्हाला त्याचा वास नाही आला?"

"त्या आंब्या-पुदिन्यात कशाचा वास येते जी? खिडकी उघडू म्हनलं तं धूळ येते म्हनून मनाई."

बंद खोली. अकरा दिवस साचत गेलेली पेट घेणारी वाफ. तिथे चार वाजता हजार तारा एकदम लाल होणार, आणि समोर तीस पाहुणे. मेश्रामांनी घड्याळ बघितलं. तीन छप्पन्न.

धुलाईखोलीत मोबाइल न्यायची बंदी होती, त्यामुळे फोन करण्यात अर्थ नव्हता. दोघं धावले. पन्नाशीचे मेश्राम दोन-दोन पायऱ्या उतरत होते आणि लुगड्याचा ओचा हातात धरून सगुणाबाई त्यांच्याही पुढे. खालच्या बोळातून काचेपलीकडे दिसत होतं, ढोमणेबाईंनी बाईंची वाट बघून शेवटी स्वतःच बटणाकडे मोर्चा वळवला होता. पाहुणे मोबाइल नसल्यामुळे नुसत्या टाळ्या वाजवत होते. मेश्राम काचेवर धडाधडा बुक्क्या मारू लागले. ढोमणेबाईंनी हसून हात हलवला. त्यांना वाटलं, सरही उत्साहात आले.

सगुणाबाई काचेकडे गेल्याच नाहीत. बोळाच्या टोकाला साऱ्या इमारतीचा मेन स्विच होता. त्यांनी तो दोन्ही हातांनी खाली ओढला.

दिवे गेले. आत ढोमणेबाईंनी नेमकं तेव्हाच बटण दाबलं. काहीच झालं नाही म्हणून पुन्हा दाबलं.

पुढच्या दहा मिनिटांत पाहुणे अंगणात आले, खिडक्या सताड उघडल्या गेल्या आणि अग्निशमन दलाच्या माणसाने फरशीखालच्या टाकीच्या झाकणाला पडलेली वीतभर भेग दाखवली. त्याच्या मापकाचा आकडा ढोमणेबाईंनी स्वतः वाकून वाचला. "दामोदरराव, दोनदा दाबलं हो मी ते बटण," एवढंच त्या म्हणाल्या.

मेश्राम मात्र आनंदाने वेडे झाले होते. एकेचाळीस माणसं ठणठणीत होती आणि बेचाळिसावा तर पाहुण्यांसाठी आणलेले लाडू खात होता! त्यांनी पद्मजाला फोन लावला, ई-सिगारेटची कबुली दिली, बोलणी खाल्ली, आणि तरी हसतच राहिले. "श्वासवही खोटी निघाली, मॅडम! कोणाचाच श्वास नव्हता त्यात!"

हे बोलता बोलता त्यांची नजर सगुणाबाईंवर गेली. त्या नळाखाली तोंड धूत होत्या आणि मधेच खोकत होत्या.

त्या थरांत कोणाचाच श्वास नव्हता? धुलाईखोलीतली तीच हवा, अकरा दिवस, रोज आठ तास, आणखी एका ठिकाणी आत ओढली जात होती. पंपाने वेटोळ्यामागे पन्नास झुरके घेतले असतील, तर या अकरा दिवसांत पंपाशेजारी उभं राहून या बाईंनी हजारो घेतले होते. वही खोटी नव्हती. ती त्यांची होती.

मेश्रामांनी हातातला लाडू खाली ठेवला. "बाई, चला. आत्ताच्या आत्ता इस्पितळात."

"मले काय झालं? म्या तं जन्मात एक झुरका नाही मारला, सर."

"म्हणून तर तुमच्याकडे कोणाचं लक्ष गेलं नाही. अकराच दिवस झालेत, बाई. वेळेत आहोत आपण. चला लवकर!"

ढोमणेबाई एव्हाना गाडी काढायला धावल्याही होत्या. मेश्राम वर गेले आणि तारीखवार लावलेली बेचाळीस वेटोळी डबीत भरून घेऊन आले. डॉक्टर विचारतील, कोणत्या दिवशी किती वाफ छातीत गेली. ते सगळं त्यात लिहिलेलं होतं.

सगुणाबाई मागच्या सीटवर बसल्या. त्यांनी आधी आपल्या बाजूची काच खाली केली आणि मग म्हणाल्या, "मॅडम, उद्यापासून खिडकी उघडी राहीन."

"राहील," ढोमणेबाई म्हणाल्या आणि त्यांनी गाडी सुरू केली.