अँप ठरूच नये

दुकानात गिटारचा आवाज वाढवणारे, घरी वाजवायचे छोटे अँप दोनच उरले होते, एक काळा आणि एक पांढरा. टेबलावर पाण्याच्या तांब्याशेजारी मावतील एवढेसे. सिद्धेश्वरीनं आपली गिटार काळ्याला जोडली, आवाज अगदी कमी ठेवला आणि हळूच एक तार छेडली.

"मोठ्यानं लावा की! कळंल तरी!"

ती दचकलीच. मागं एक उंच मुलगा उभा होता, पाठीवर गिटार, कपाळावर घाम.

"ओरडताय कशाला?"

"ओरडायलो न्हाय... बोलायलो." तो वरमला. "घरातच टॉवेलचे माग हायत. हळू बोलायची सवयच न्हाय बघा."

नोकरीसाठी दुधनीहून भवानी पेठेत मावशीकडे राहायला आलेल्या सिद्धेश्वरीला हसू आवरेना. त्याचं नाव नागेश. दोघांनाही काळाच हवा होता. शेवटी ती जिंकली, म्हणजे त्यानं जिंकू दिलं, आणि पांढरा घेऊन पायऱ्या उतरताना तो म्हणाला, "घरी गेल्यावर पस्तावलात तर?"

"तर काय?"

"तर रविवारी अदलाबदल करू. आठ दिवस हा, आठ दिवस तो. मग ठरवू कुठला बरा."

आता अँप म्हणजे काही स्थळ नव्हे, पुन्हा पुन्हा पाहून ठरवायला. पण बाईसाहेबांनी मान हलवली खरी.

मग रविवार येऊ लागले. तलावाकाठच्या बाकावर दोघं बसत, मध्ये अँप, अँपवर त्यानं आणलेली शेंगाचटणी आणि कडक भाकरी.

"पांढरा हळू लावला तरी भरीव वाजतो," ती सांगे. "मावशीची झोप मोडत नाही. पण वाजवत नसले तरी आपला गुणगुणत बसतो."

"माणूस बी गुणगुणतो की... कुणाची आठवण आली की."

"अय्यो! अँपचं बोल."

"काळा मोठा केला की आवाज फाटतो. पण ते फाटलेलंच लई ग्वाड लागतंय. आता तू परत ने, म्हणजे कळंल."

तुम्हीचं तू कधी झालं, दोघांनाही समजलं नाही. रविवार सरला की सोमवारपासून तिचा जीव कशात लागत नसे. त्याच्याकडून आलेल्या अँपची बटणं तो ठेवी तशीच असत, आणि ती दोन-दोन दिवस त्यांना हात लावत नसे. त्याची बोटं इथं थांबली होती, एवढंच मनात येई. आवाजाचं बटण मात्र कायम टोकाला. मागांच्या खडखडाटात त्याला तेवढं लागायचंच. एकदा ती विसरली आणि पहिल्याच सुराला मावशीच्या हातून दूध सांडलं.

तुलना काही संपत नव्हती. संपायला आली की दोघांपैकी कुणाला तरी नवी शंका सुचायची.

आणि एका रविवारी नागेश हळू बोलला. इतकं हळू, की तिला पुढं सरकून ऐकावं लागलं.

"बेंगळुरूला नोकरी लागली. परवा जायचंय... आता ठरवून टाक, तुझा कुठला."

"उद्या सांगते," ती कशीबशी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पांढरा अँप छातीशी धरून ती त्याच्या घरी गेली. माग चालू होते. नागेश एका मागावर वाकून तुटलेला धागा जोडत होता, पार त्या टोकाला त्याचे वडील, नाना. खडखडाट एवढा, की तिला स्वतःचा आवाजही ऐकू येईना. नागेशनं वर पाहिलं. कुणाला काही ऐकू जात नाही या भरवशावर तिला धीर आला आणि मनात साठलेलं सगळं ती बोलून गेली.

"मला अँप ठरवायचाच नव्हता, नागेश. ठरला असता तर तू यायचा थांबला असतास. मला... तू हवायस."

हुश्श! बोलून झालं, कुणाला कळलंही नाही.

नागेशच्या हातातला धागा सुटला. तो कानापर्यंत लाल झाला. पलीकडून नानांनी त्याच्याकडे बघत बोटांनी काहीतरी विचारलं, त्यानं बोटांनीच उत्तर दिलं, आणि नाना मिशीत हसले. ही माणसं दिवसभर अशीच, ओठ बघून आणि बोटं हलवून बोलत होती!

तो तिला बाहेर गल्लीत घेऊन आला.

"तू... ऐकलंस?"

"मागापाशी कानानं कोण ऐकतंय? लहानपणापासून आयची हाक बी ओठावरच बघतो आमी."

"आणि नानांनी?"

"त्यांना माझ्यापेक्षा चांगलं येतंय."

तिनं अँपमागं तोंड लपवलं. तो आत गेला, काळा अँप आणून पांढऱ्यावर ठेवला. "जावं तर लागंल. पण हा बी तुझ्याकडंच राहू दे. बिनअँपचा किती दिवस राहीन मी? रविवारी यीनच की."

ती दोन्ही सांभाळत निघाली. वळणावर मागं पाहिलं, तर दारातून त्याचे ओठ हलले. तिला कुठलं वाचता येतंय?

"मोठ्यानं बोल की!" ती ओरडली. "कळेल तरी!"

त्यानं छाती भरून श्वास घेतला. आत नानांना काय लहर आली कोण जाणे, त्यांनी नेमके तेव्हाच माग थांबवले.

"मला बी तूच पायजेस!"

गल्लीतल्या सगळ्या खिडक्या उघडल्या.

तो गेला. आता तिच्या टेबलावर दोन्ही अँप शेजारी शेजारी आहेत. ती पांढऱ्यावर वाजवते, हळू. काळ्याची बटणं त्यानं ठेवली तशीच आहेत, आवाज टोकाला. रविवारपर्यंत ती त्यांना हात लावणार नाही.