पाचवी जोडी

दांडिया बाजारात, शेव-गाठियांच्या दुकानाशेजारचा जिना चढून आलं की माझं दुकान. दुकान कसलं, एक खोली. त्यात एक सर्व्हर, प्लायवूडच्या फळीवर ओळीने आठ मोडेम आणि भिंतीतून आत आलेल्या टेलिफोनच्या आठ लाइनी. सन दोन हजारची गोष्ट. कॉलेजच्या प्रयोगशाळेतली पक्की नोकरी सोडून मी इंटरनेट विकायला बसले, तेव्हा घरच्यांनी मला वेड्यात काढलं होतं. मार्च उजाडेपर्यंत मलाही ते पटायला लागलं होतं.

कारण टेलिफोनवाले. गिऱ्हाइकाला नंबर एकच दिलेला असतो. तो फिरवला की आठांतली जी पहिली मोकळी असेल ती लाइन एक्स्चेंज देतं. पण मधली एखादी मेली आणि नुसतीच वाजत राहिली, तर पुढच्या लाइनी मोकळ्या असूनही सगळे तिथेच अडकतात. माझी पाचवी महिनाभर मेलेली होती. रोज तक्रार नोंदवायची आणि रोज पलीकडून "थई जशे, बेन", होऊन जाईल, एवढंच ऐकायचं. माझं डोकंच फिरायचं. मी फोन आपटायची, आणि मग तोही बंद पडला की काय म्हणून उचलून बघायची.

गिऱ्हाइकांत एक होते उदयसिंहराव मोहिते. तरसालीला एकटेच राहायचे. नकाशे काढण्याच्या नोकरीतून निवृत्त झालेले आणि जन्मापासून बहिरे. बहिऱ्या माणसाने घरी टेलिफोन घेतला म्हणून त्यांच्या सोसायटीत बराच हशा पिकला होता. पण त्यांची मुलगी ऋचा कॅनडात, आणि बापलेकींना बोलायला मेल हा एकच रस्ता. ऋचाला ऐकू येतं. उदयसिंहरावांच्या वडिलांना येत नव्हतं, भावालाही नाही. आता ऋचाचे दिवस भरत आले होते. खिशातल्या छोट्या वहीत त्यांनी मला एकदा लिहून दाखवलं, "शैलाताई, बाळाला ऐकू येऊ दे. हे माझ्यापाशीच संपू दे." मी त्याखाली लिहिलं, "लाइनी चालू ठेवणं माझ्याकडे लागलं."

आणि दोन मार्चला लहरीपुऱ्याकडे कुणीतरी रस्ता खोदताना केबल तोडली. आठही लाइनी गेल्या.

चार दिवस मोडेमवर एक दिवा लागला नाही. सोमवारी मला राहवेना. स्कूटर काढली आणि तरसालीला गेले, म्हटलं, निदान माफी तरी मागावी. उदयसिंहरावांनी हसत दार उघडलं आणि माझ्या हातात आधी पेढा ठेवला, मग एक छापलेला कागद. ऋचाची मेल. रोमन अक्षरांत मराठी लिहिलेलं. मुलगी झाली, दोघी सुखरूप, नाक तुमच्यासारखं आहे. शेवटची ओळ होती, "बाबा, तिला ऐकू येतं."

वरती तारीख आठ मार्च होती. वेळ सकाळचे अकरा दहा. त्या दिवशी तर सहा तारीख होती. त्या वर्षी बऱ्याच कॉम्प्युटरांची घड्याळं बिघडली होती, त्यातलाच प्रकार असेल म्हणून मी सोडून दिलं. मला राग वेगळ्याच गोष्टीचा आला होता. मी वहीत लिहिलं, दुसऱ्या कंपनीचं कनेक्शन घेतलंत तर सांगायचं तरी.

ते बुचकळ्यात पडले. त्यांनी लिहिलं, "तुमचाच नंबर. रोज लागतो." मग माझा हात धरून त्यांच्या टेलिफोनवर ठेवला, स्वतःचा बाजूला ठेवला आणि पाच बोटं दाखवली. घंटा पलीकडे वाजत असताना त्यांना ती तळव्याला कळायची म्हणे. पाच घंटा झाल्या की लागतो.

दुकानात परत येऊन मी सगळी नोंद तपासली. गुरुवारपासून आमच्याकडे एकही गिऱ्हाईक जोडलं गेलेलं नव्हतं. मी पुन्हा तपासली. चहा मागवला आणि तो तसाच निवला.

बुधवारी सकाळी एकदाचा लाइनमन लक्ष्मण आला. त्याची पद्धत ठरलेली. कोपऱ्यावरच्या लोखंडी कपाटात सगळ्या तारांच्या जोड्या बांधलेल्या असतात. तिथून तो एकेका लाइनीवर फोन लावतो आणि विचारतो, "बराबर?" आपण "बराबर" म्हटलं की तक्रार बंद. पहिल्या चार झाल्या. पाचवीच्या वेळी चौथीच पुन्हा वाजली.

"शैलाबेन, तुमची पाचवी जोडी बांधलेलीच नाही," लक्ष्मण म्हणाला. "टोकं मोकळी आहेत. धूळ बसलीय त्यांच्यावर."

मी म्हटलं, असेल, मग बांध आणि मोकळा हो. बाजारातल्या रिक्षांचे हॉर्न मला फोनमधूनही ऐकू येत होते आणि खिडकीतूनही.

"मोकळ्या टोकांना फोन लावून ऐकलं मी," तो शेवटी म्हणाला. "शिट्टी येतेय. तुमच्या मशीनची असते ना, तसली. कोणीतरी चालू आहे हिच्यावर. बांधू का?"

फळीवरचा पाचवा मोडेम काळाठिक्कर होता. प्रयोगशाळेत मी वर्षानुवर्षं मुलांना शिकवलं की तार जोडल्याशिवाय वीज वाहत नाही. आजही तेच शिकवीन.

"नको," मी म्हटलं. "तिला हात लावू नकोस. आमच्या नंबरातून तेवढी काढून टाक."

"मग बराबर?"

"बराबर."

मी पाचव्या मोडेमचा प्लग काढला आणि वायर त्यालाच गुंडाळून ठेवली. अकरा वाजून दहा मिनिटांनी सर्व्हरवर ऋचाची मेल आली. दुसऱ्याची पत्रं वाचू नयेत हे मला कळतं. तरी वाचली. मुलगी झाली, दोघी सुखरूप, नाक तुमच्यासारखं आहे. शब्दन् शब्द तोच. फक्त शेवट निराळा होता. "बाबा, कानांची तपासणी तीन आठवड्यांनी आहे. गुरुवारपासून तुमची मेल का नाही?"

दुपारी उदयसिंहरावांची मेल मला आली. "ऋचाचं पत्र दुसऱ्यांदा आलं. या वेळी शेवटची ओळ विसरून तपासणीचं काहीतरी लिहिलंय पोरीने."

ते तीन आठवडे मी कसे काढले, माझं मला माहीत. भला माणूस, त्या एका ओळीवर पेढे वाटून बसलेला. ती ओळ खोटी निघाली असती तर? आली तर माझ्याच नंबरावरून होती ना.

एकोणतीस मार्चला ते जिना चढून वर आले. धाप लागलेली, डोळे भरलेले. नुसताच कागद पुढे केला. त्यावर एकच ओळ होती. "बाबा, तिला ऐकू येतं."

मी रडले. खरंच सांगते, गिऱ्हाइकासमोर आयुष्यात पहिल्यांदा रडले.

ते फळीपाशी गेले. सातही मोडेम लुकलुकत होते, सगळी गिऱ्हाइकं सुखाने चालू होती. त्यांनी कौतुकाने एकेकावरून हात फिरवला. पाचव्यावर हात थांबला.

त्यांनी वही काढली.

"वाजतोय. घेत का नाही?"

मी गुंडाळलेली वायर त्यांना दाखवली. त्यांनी मान हलवली, माझा हात धरला आणि आपल्या हाताशेजारी ठेवला.

मोडेमचा पत्रा कोमट होता. आत काहीतरी थरथरलं आणि थांबलं. पुन्हा थरथरलं. उदयसिंहराव बोटांवर मोजत होते. तीन. चार.

पाचव्या घंटेनंतर थरथर थांबली. पलीकडे कुणी फोन उचलल्यासारखी.