गिळलेला आ

तेजस्विनी अवसरी खुर्दहून निघाली तेव्हा दुपार कलली होती. काम किरकोळ होतं. बोरी बुद्रुकला प्रयागबाईंच्या घरी एक कॉम्प्युटर होता. त्यात छोटी दुरुस्ती टाकायची, चहा घ्यायचा आणि फार अंधार व्हायच्या आत परत फिरायचं. जुन्नरकडे दिवेलागणीनंतर उसाच्या कडेने बिबट्यांची वर्दळ माणसांपेक्षा जास्त असते, आणि ते डाव्या बाजूने चालण्याचा नियम पाळत नाहीत.

तो कॉम्प्युटर एका वेगळ्याच ऑपरेटिंग सिस्टीमवर चालायचा. जगभरातल्या काही हौशी मंडळींनी ती स्वतः लिहिली होती. कुणी मागितली नव्हती आणि फारसं कुणी वापरतही नव्हतं. त्या बाबतीत ती आपल्याकडच्या कवितासंग्रहांसारखी होती. जोडीला त्यांचा स्वतःचा ब्राउझरही होता. तो दहातली तीन संकेतस्थळं उघडी आणि उरलेल्यांबद्दल दिलगिरी व्यक्त करी. तेवढी सभ्यता तरी हल्ली कोण दाखवतं?

प्रयागबाईंचा मुलगा आदेश हा तेजस्विनीचा कॉलेजातला वर्गमित्र, आणि या मंडळींपैकी एक. त्या ब्राउझरात मराठी जोडाक्षरं धड दिसू लागली ती त्याच्यामुळे. मागच्या वर्षी एका संध्याकाळी तो घरामागच्या विहिरीत गेला. का गेला ते घरात कुणाला कळलं नाही. गावाला मात्र कळलं. गावाला नेहमीच कळतं. "जीव दिला," गाव म्हणालं.

त्याच्या मागे तेजस्विनीला त्या कॉम्प्युटरमध्ये एक ध्वनिमुद्रण सापडलं. संध्याकाळचे आवाज टिपायला त्याने ते सुरू ठेवलं असावं. त्यात तो म्हणत होता, "...लो गं, आये." कॉम्प्युटर सुरू होताना तेच वाजेल असं तिने करून दिलं. तेव्हापासून प्रयागबाई रोज देवापुढे दिवा लावला की बटण दाबत आणि लेकाने दिलेली ओ ऐकत. ही सिस्टीम इतक्या नेमाने वापरणारं माणूस जगात दुसरं नसेल.

फक्त पहिलं अक्षर हरवलेलं असे. आवाजाचा भाग जागा व्हायला क्षणभर घेई, तोवर सुरुवात निघून गेलेली असे. "माझ्या लेकाचा आ गिळतंय मेलं," प्रयागबाई म्हणत. तेजस्विनीने खपून ती चूक शोधली आणि बदल लिहून त्या हौशी मंडळींकडे पाठवला. नॉर्वेच्या आर्ने नावाच्या गृहस्थाने त्यातल्या स्वल्पविरामांपर्यंत खुसपटं काढली, आणि अखेर तो मंजूर झाला.

"आली का इंजिनेरबाई," अंगणात प्रयागबाईंचे यजमान सावळाराम दुधाच्या किटलीला झाकण लावत म्हणाले. "आमच्या कचेरीवानी हाय बघ तुमचं यंत्र. सायेब डोळं चोळंस्तवर गिऱ्हाईक निघून जातं."

"तेच दुरुस्त केलंय काका. साहेब उठेपर्यंत गिऱ्हाईक आता दारात थांबणार."

"मंग सरकारला बी दे की एक!"

हसत त्यांनी मोटरसायकलला किक मारली आणि ते डेअरीवर गेले. लेकाचा तो आवाज ऐकायला ते कॉम्प्युटरच्या खोलीत कधीच थांबत नसत. गावाचं म्हणणं त्यांनी मानलं होतं. वर्षभर नवराबायकोत त्यावर एक शब्द झालेला नव्हता, आणि तेच प्रयागबाईंना आतून खात होतं.

खोलीत तेलवातीचा आणि उसाच्या ओल्या पाचटाचा वास भरला होता. दुरुस्ती टाकून होईतो खिडकीबाहेरचा ऊस काळा पडला. प्रयागबाईंनी पदर सावरला.

"यील ना गं?"

"येईल काकू. अख्खा आ."

बटण दाबलं. आतला पंखा घरघरला आणि संथ झाला. मग आ आलाच नाही. आधी लांबून, उसापलीकडून यावी तशी एका बाईची हाक आली.

"आदेश..."

आणि लगेच, अगदी जवळून, "आलो गं, आये."

"काकू, तुमचाही आवाज आहे की यात!" तेजस्विनी आनंदाने म्हणाली.

प्रयागबाई हसल्या नाहीत. "कवाचं हाय हे?"

तारीख बघायचं तेजस्विनीला आजवर सुचलंच नव्हतं. तिने बघितली.

"त्याच... संध्याकाळचं."

"त्या सांजंला मी मढ गावाला व्हते. भावाकडं."

बाहेर पाचट सळसळलं. दोघींनीही तिकडे पाहिलं नाही.

"आवाज तर माझाच हाय," प्रयागबाई हळू म्हणाल्या. "दिवेलागणीला पयल्या हाकेला ओ देऊ न्हाई, दुसरंच कायतरी बोलावत असतं, बारका व्हता तवापासनं सांगितलं त्याला. पन आईनं हाक मारल्याव... कोन थांबतंय?"

"काकू..."

"म्हंजी त्यानं जीव न्हाई दिला."

"नाही."

त्यांचा चेहरा क्षणभर उजळला. वर्षात पहिल्यांदाच. "हे त्याच्या बापाला सांगाया पायजे," त्या म्हणाल्या, आणि सांगायचं काय ते ध्यानात येताच तो चेहरा होता तसा विझला. "काय सांगू? मी बोलावला म्हनून?"

प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना एक सवलत असते: केलेला बदल मागे घेता येतो. संसारात तशी सोय असती तर निम्मी कोर्टं ओस पडली असती. तेजस्विनीने आपला बदल काढून टाकला, सगळं पूर्वीसारखं केलं. अर्धी का होईना, ती जुनी ओ काकूंना राहू दे.

तिने बटण दाबलं.

"आदेश..."

हाक आता तितकी लांबची नव्हती. त्यानंतर काहीच नाही. पंखा तेवढा फिरत होता. ज्या जागी तो बोलायचा ती जागा रिकामी होती.

"त्याचं कुठं गेलं गं?"

तेजस्विनीने पुन्हा सुरू करून पाहिलं. पुन्हा हाक आली, पुन्हा ती शांतता. कुणीतरी उत्तराची वाट पाहत उभं असावं, तशी.

प्रयागबाईंनी त्या पत्र्याच्या डब्यावर हात ठेवला. ताप आलेल्या पोराच्या पाठीवरून फिरवावा तसा त्या तो फिरवत राहिल्या. "बोल रं... बोल की माज्या राजा..."

तेजस्विनीने वायरच ओढून काढली. पंखा थांबला. दिव्याची वात तेवढी तडतडली. मग रस्त्यावरून मोटरसायकलचा ओळखीचा आवाज आला, आणि तिला रडू कोसळेल इतकं बरं वाटलं.

सावळाराम दारातूनच बोलत आत आले. अंधारातून उजेडात आल्यामुळे डोळे बारीक करत त्यांनी रिकामी किटली खाली ठेवली.

"याड लागलं का काय हिला? विहिरीकडनं आपलं 'आवो, आवो' लावलंय मगापासनं. बिबट्या-गिबट्या आला का काय म्हनलं."

दोघींपैकी कुणी हललं नाही.

"काका," तेजस्विनीने विचारलं, "तुम्ही... ओ दिली?"

"मंग? बायकूनं हाक मारल्याव गप बसून ऱ्हायला मी काय सायेब हाय व्हय? किटली ठिवतो आन आलो म्हनलं."

त्यांनी खुंटीवरची बॅटरी काढली. दाराकडे वळता वळता त्यांची नजर कोपऱ्यातल्या प्रयागबाईंवर गेली, आणि ते थबकले.

"आन तू हितं कवा आलीस?"