काचेतली साधी खुर्ची

फर्निचरच्या त्या मोठ्या दुकानात परत आलेला माल घ्यायच्या काउंटरवर ती बसायची. देखण्या वस्तूंची नवलाई ओसरली की लोक त्या तिच्यापुढे आणून टाकायचे, त्यामुळे देखणेपणावर तिचा रागच होता. त्यात बाबांनी बनवलेल्या सहा साध्या लाकडी खुर्च्या मागे धूळ खात पडलेल्या. शनिवारपर्यंत खपल्या नाहीत तर बाबांचं काम बंद, असं मॅनेजरनी सांगून टाकलं होतं.

सोमवारी एक उंच तरुण तिच्यासमोर येऊन उभा राहिला. दुकानाची दर्शनी काच सजवणारा तो हाच... त्याची लाडकी सोनेरी खुर्ची नऊ जणांनी परत का आणली, हे त्याला विचारायचं होतं.

"बसून बघा ना," ती म्हणाली.

पाचच मिनिटांत तो कंबर चोळत उठला. मग तिने त्याला बाबांच्या खुर्चीवर बसवलं, आणि स्वारी उठायचं नाव घेईना. चहा आला, चहा संपला, तरी तो तिथेच.

"ही खपत का नाही?"

"दिसायला साधी आहे."

"साधी नाही हो... कोणी नीट बघितलंच नाहीये."

हे म्हणताना त्याने खरं तर खुर्चीकडे बघायला हवं होतं. तिचे कान गरम झाले.

ही शनिवारी काचेत मांडतो, असं तो म्हणाला. बाबांच्या लाकडाला रंग फासायचा नाही, असं तिने बजावलं. त्याने शब्द दिला. मग तो रोज चहाला येऊ लागला, आणि आपण एकटेच राहतो हे त्याने दोनदा सांगितलं.

शनिवारी काचेत खुर्ची तशीच होती. फक्त शेजारी पिवळा दिवा, खुर्चीच्या हातावर पालथं पुस्तक, पायाशी काढलेल्या चपला. कोणीतरी आत्ताच उठून गेलंय असं वाटावं! लोक थबकले, आत आले. दिसण्याने त्यांना आत ओढलं, पण टेकल्यावर मात्र ते खुर्ची घेऊनच उठले. दुपारपर्यंत एकही उरली नाही. तिने बाबांना फोन केला, तर ते नुसतं नाक ओढत राहिले.

आणि मग तिला कळलं, दोन खुर्च्या त्यानेच घेतल्या होत्या. तिचा चेहरा पडला. ती तरातरा त्याच्याकडे गेली.

"उपकार केलेत आमच्यावर?"

"छे, सकाळीच घेऊन ठेवल्या. नंतर मिळाल्या नसत्या तर?"

"पण दोन कशाला?"

अख्ख्या गावाला भुलवणारा तो माणूस चपलेने फरशी उकरू लागला. "एक माझी... आणि दुसरी—"

 

"दुसरी खिडकीपाशी ठेवा," ती म्हणाली. "मला उजेडात बसायला आवडतं."